सूर धरला की वीज जाते

४ सप्टेंबर

ताई,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज, सगळे बरे आहेत, आईचा गुडघा तसाच आहे, भाची कधी येते म्हणून विचारत असते. आता मुद्द्यावर येतो. मला गिटारसाठी दोन पेडल निवडायची आहेत आणि त्यात तुझी मदत हवी आहे. तुला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही हे मला माहीत आहे, पण कानांचं कळतं आणि मला नेमकं तेच पाहिजे.

आधी बातमी ऐक. अप्पा आमच्या कार्यक्रमाला येणार आहेत. परवा जेवताना मी आईला सांगत होतो की पुढच्या महिन्यात दहा तारखेला वाचनालयाच्या सभागृहात आम्हा चौघांचा कार्यक्रम ठरला, तोही तिकीट लावून. तर अप्पांनी ताटातून मान वर केली आणि म्हणाले, मी पण येतो. आई वाढायची थांबली. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तुला ठाऊक आहे, मी गिटार हातात घेतली तोवर छापखान्यातल्या यंत्रांनी अप्पांचे कान खाऊन टाकले होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझं एक गाणं धड ऐकलेलं नाही. मी वाजवायला बसलो की ते पेपर उचलून गॅलरीत जातात. मी कधी बोललो नाही, पण मनाला लागतं ग. चाळिशी उलटली, लिफ्टच्या तारा ओढून ओढून हाताला घट्टे पडले, तरी आपल्या बापाने आपलं एकदा ऐकावं असं वाटायचं काही थांबत नाही. मागच्या वर्षी तू त्यांना कानाची यंत्रं बसवून दिलीस तेव्हापासून घरात बोलणं तरी सुरू झालंय. आता मला गाणं पोचवायचंय.

तर पेडल म्हणजे काय ते सांगतो. साबणाच्या वडीहून जरा मोठी अशी लोखंडी डबी असते, पायाने दाबायची. गिटारचा आवाज तिच्यातून जाऊन मग स्पीकरला पोचतो. ओव्हरड्राइव्ह नावाची डबी आवाज थोडा फाडते, घसा बसलेला माणूस जीव तोडून गातो ना, तसा. कॉम्प्रेसर नावाची डबी मोठ्या आवाजाला दाबते आणि बारक्या आवाजाला उचलते. त्यामुळे छेडलेली तार लगेच मरत नाही, सूर लांबत राहतो. वाद्यांच्या दुकानदाराची लिफ्ट मीच सांभाळतो, म्हणून त्याने दोन ओव्हरड्राइव्ह, एक हिरवी आणि एक पिवळी, आणि एक निळा कॉम्प्रेसर महिनाभर घरी वापरून बघायला दिलाय. माझी पेडलची फळी म्हणजे जुन्या कपाटाचा कप्पा आहे. त्यावर दोन डब्यांपुरतीच जागा उरली आहे.

रोज संध्याकाळी अप्पांना समोर बसवतो आणि एकेक वाजवून दाखवतो. हिरवी वाजवली, म्हणाले, हे बरं आहे. पिवळी वाजवली, हेही बरं आहे. कॉम्प्रेसर लावून एक सूर धरला, तर म्हणाले, हे तर फारच बरं. म्हणून कॉम्प्रेसर नक्की केलाय. आता त्याच्या आवाज कमीजास्त करायच्या खुंट्या कशा लावायच्या आणि सोबत कुठली ओव्हरड्राइव्ह घ्यायची ते सांग. कानाच्या यंत्रात असंच काहीतरी असतं, असं तू एकदा म्हणाली होतीस.

फोन केला असता, पण फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं. आणि अप्पांना फोन ऐकू येत नाही म्हणून या घराला पत्रांचीच सवय लागली आहे. घरी आलेलं पत्र सगळ्यात आधी त्यांच्या हातात पडतं. तेव्हा काही खासगी असेल तर माझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव.

तुझा
भुंग्या


१० सप्टेंबर

भुंग्या,

कॉम्प्रेसर म्हणजे काय हे तू मला शिकवतोस? माझ्याकडे येणारा प्रत्येक म्हातारा दोन कॉम्प्रेसर घेऊन घरी जातो, एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात. नातवाची कुजबुज उचलायची आणि दार आपटल्याचा आवाज दाबायचा, यावर तर माझं पोट चालतं.

आता नीट ऐक, आणि दर वेळेसारखं मध्येच तुझं घोडं दामटू नकोस. बारीक आवाज उचलतो म्हणजे तो नको तेही उचलतो. यंत्र लावलं की पहिल्या दिवशी माणसं तक्रार घेऊन येतात, की आमचा फ्रिज बोलायला लागला. तुझ्याही स्पीकरची घरघर आणि डोक्यावरचा पंखा तो असाच वर काढेल. म्हणून सूर लांबवायची खुंटी अर्ध्याच्या पुढे नेऊ नकोस. दुसरी खुंटी आवाज किती चटकन दाबायचा त्याची असेल. तिथे घाई केलीस तर तार छेडल्याचा पहिला टणत्कारच दाबला जाईल आणि उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटेल. आणि आधी कॉम्प्रेसर, त्याच्या पुढे ओव्हरड्राइव्ह. उलटं लावलंस तर एकाने केलेली खरखर दुसरा उचलून उचलून देत बसेल.

ओव्हरड्राइव्ह घरात एकट्याने बसून निवडू नकोस. एकट्याला गुबगुबीत आवाज आवडतो. पण तुमच्या बँडमधला तो बेकरीवाला, मैदा मळतो त्याच जोराने ड्रम बडवतो ना? त्याच्यासमोर गुबगुबीत आवाज कुठल्या कुठे जाईल. गर्दीत माणसाचं बोलणं कळतं ते मधल्या पट्टीमुळे, जाड किंवा पातळ आवाजामुळे नाही. तेव्हा जिची मधली पट्टी पुढे येते ती घे, मग ती एकट्याने ऐकताना जरा नाकात बोलल्यासारखी का वाटेना.

आता दुसरी गोष्ट, आणि म्हणून हे पत्र वर्कशॉपवर पाठवतेय. काकांच्या "बरं आहे"वर जाऊ नकोस. मी केलेला जळका केकही त्यांना बरा वाटला होता. मागच्या वर्षी मी त्यांचे कान तपासत होते, तेव्हा आवाज आला की बटण दाबायचं होतं. तर हे माझ्या तोंडाकडे बघत बसले. माझी भुवई हलली की बटण दाबायचे. शेवटी मी त्यांना पाठमोरं बसवलं, तेव्हा खरा हिशेब लागला.

म्हणून एक कर. कॉम्प्रेसर लावून एक सूर लांब धर आणि नेहमीसारखे डोळे मिटून समाधी लावू नकोस. काकांकडे बघ. ते काय करतात ते मला जसंच्या तसं कळव. मला एक शंका आहे, पण ती खरी निघेपर्यंत तुझ्या डोक्यात किडा सोडत नाही.

ताई


१२ सप्टेंबर

पोरी,

तुला माझे अनेक आशीर्वाद. हे पत्र मी बागेतल्या बाकावर बसून लिहितो आहे, कारण घरात लिहायला बसलो की तुझी मावशी खांद्यावरून वाचते. अक्षर हललेलं दिसेल, ते बाकाचा एक पाय डुगडुगतो म्हणून आहे, माझी तब्येत उत्तम आहे.

एक अडचण झाली आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. भुंग्या रोज संध्याकाळी मला समोर बसवून गिटार ऐकवतो. पायाशी त्या रंगीत डब्या असतात. तो वाजवतो, मी ऐकतो, नंतर तो विचारतो, अप्पा, कसं वाटलं? मी म्हणतो, बरं आहे. आता तुला खरं सांगतो. मला काही कळत नाही.

बारके बारके सूर वाजतात तोवर ठीक असतं. पण मग तो निळी डबी दाबतो, एक सूर धरतो, आणि माझ्या कानात एकदम सगळं बंद होतं. पहिल्यांदा मला वाटलं वीज गेली. वर बघितलं तर दिवा चालू. समोर पोरगा डोळे मिटून, मान मागे टाकून, हात हलवत बसलेला, त्याच्या तोंडावर इतकं सुख की काय सांगू, आणि माझ्या कानात शुकशुकाट. थोड्या वेळाने तो सूर परत येतो, तोही पाण्यात बोलल्यासारखा हेलकावत. दुसऱ्या डब्या लावल्या की पत्रा फाटल्यासारखं काहीतरी सुरू होतं आणि मग तेही विझून जातं.

मग मी उत्तर कसं देतो? त्याच्या तोंडाकडे बघून. ज्या डबीला तो जास्त खूश दिसतो ती फारच बरी, बाकीच्या नुसत्या बऱ्या. आजवर चुकलो नाही.

तू म्हणशील, काका, सरळ सांगून टाका की. पण पोरी, सांगितलं तर तो वाजवायचा बंद होईल. माझ्यासमोर तरी नक्कीच. आधी मी उठून गॅलरीत जायचो, ते त्याचा राग म्हणून नाही. समोर बसून ऐकू न येणं हे गॅलरीत बसून ऐकू न येण्यापेक्षा वाईट असतं, एवढंच. आता तुझ्या यंत्रांमुळे बोलणं कळायला लागलं, म्हणून मला वाटलं, गाणंही कळेल. त्याच भरवशावर कार्यक्रमाला येतो म्हणून बसलो. मला तिथे तोंडाकडे बघून टाळ्या वाजवायच्या नाहीत. मला एकदा त्याचं ऐकायचं आहे.

यावर काही उपाय असला तर कळव. नसला तरी कळव. भुंग्याला यातलं अक्षरही कळता कामा नये. उत्तर घरीच पाठव, पोस्टमनला गाठायचं काम माझ्याकडेच आहे.

तुझा
काका


१७ सप्टेंबर

काका,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले, मग टेबलाशी बसून कामाला लागले. उपाय आहे.

तुमचं यंत्र कधीकधी कानात शिट्टी मारतं ना? ती बंद करायला आत एक पहारेकरी ठेवलेला असतो. एकच सूर बराच वेळ चालला की त्याला वाटतं, ही शिट्टी, आणि तो लगेच त्याचा गळा दाबतो. भुंग्याने लांब सूर धरला की हा पहारेकरी धावत येतो. तुमच्या घरची वीज जाते ती त्याच्यामुळे. दुसरा एक पहारेकरी खरखर ऐकली की पंखा समजून ती दाबतो. ओव्हरड्राइव्ह त्याच्या तावडीत सापडते. शिवाय भुंग्याचा कॉम्प्रेसर एकदा आवाज सपाट करतो आणि तुमच्या कानातला दुसऱ्यांदा. उरणार काय त्याच्यात? ही सगळी व्यवस्था मी बोलणं कळावं म्हणून केली होती. तुम्हीच म्हणाला होतात, बायको काय म्हणते एवढं कळलं की पुरे. आणि आठ दिवसांनी तेही नको म्हणालात.

आता मी तुमच्या यंत्रात गाण्यासाठी वेगळी सोय करून देते. दोन्ही पहारेकऱ्यांना सुट्टी, आणि आवाज दाबायचं काम अगदी हलक्या हाताने. कानामागचं बटण एकदा दाबलं की गाणं, पुन्हा दाबलं की मावशी.

पण तुमचं मॉडेल जुनं आहे, त्याला इथे बसून हात लावता येत नाही. दोन्ही यंत्रं कापसात गुंडाळून डबीत घाला आणि मला पार्सल करा. परत यायला आठवडा तरी जाईल. तोवर घरात कसं निभावायचं ते तुमचं तुम्ही बघा. एवढंच सांगते, न ऐकता कुठल्याही गोष्टीला हो म्हणू नका.

भुंग्याला सांगणार नाही, हा शब्द.

तुमची
ताई


२२ सप्टेंबर

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. सूर धरला आणि डोळे उघडे ठेवले. अप्पांनी आधी दिव्याकडे पाहिलं. मग पंख्याकडे. मग माझ्या तोंडाकडे, आणि मी बघतोय हे लक्षात येताच हसून मान डोलवायला लागले. सूर केव्हाच संपला होता, ताई, ते अजून डोलत होते.

तुझी शंका काय होती ते मला तेवढ्यात कळलं. त्यांना काही ऐकूच येत नाही. इतके दिवस मी ज्याच्या जिवावर उड्या मारत होतो ते सगळं "बरं आहे" त्यांनी माझं मन राखायला म्हटलेलं होतं.

तरी मी म्हटलं, बघू, थोडं कमी-जास्त करून जमेल. तर गेले तीन दिवस अप्पा कानटोपी घालून बसलेत. इथे उकाड्याने जीव जातोय आणि हे कान झाकून. टोपीकडे बोट दाखवून विचारलं तर म्हणाले, वारं लागतं. वारं कुठलं आलंय, झाडाचं पान हलत नाही. माझं वाजवणं त्यांना सोसवत नाही, आणि सांगवतही नाही, म्हणून ही टोपी. आणि बाकी वागणंही विचित्रच झालंय. बायकोने सहज चेष्टेत विचारलं की अप्पा, बैठकीची खोली जांभळी रंगवू का, तर म्हणाले, अवश्य. शेजाऱ्यांनी विचारलं, आम्ही गावाला जातोय, आमचा पोपट ठेवाल का, त्यालाही हो. पोपट आला. तो दिवसभर शिट्ट्या मारतो आणि अप्पा शांतपणे त्याच्या शेजारी बसून पेपर वाचतात. मला वाटतं ते मनातून खचलेत.

म्हणून मी ठरवलंय. तिन्ही पेडल आज दुकानदाराला परत केली. कार्यक्रमात साधी गिटार वाजवीन, तोकडे तोकडे सूर, एकही लांबवायचा नाही. निदान तेवढं तरी त्यांच्या कानावर पडेल. बँडमधले सगळे माझ्यावर उखडलेत. बेकरीवाला म्हणाला, शेवटच्या गाण्यात तो लांब सूर नसेल तर ते गाणं घ्यायचंच कशाला? बरोबर आहे त्याचं. पण मी हे सगळं कोणासाठी करतोय हे मी त्याला सांगितलं नाही.

आणि तेवढ्यानेही भागणार नसेल, तर मी अप्पांना सांगणार आहे की नका येऊ, गर्दी असते, त्रास होईल. माझ्यासाठी त्यांनी दोन तास नाटक करत बसावं, हे मला बघवणार नाही. त्यांना यातलं काही कळवू नकोस. मला कळलंय हे त्यांना कळलं तर त्यांना फार लागेल. शब्द दे.

भुंग्या


२६ सप्टेंबर

मावशी,

हे पत्र तुझ्या नावाने पाठवलंय, कारण या घरात शहाणं माणूस तू एकटीच उरली आहेस. सोबतच्या डबीत काकांच्या कानाची यंत्रं आहेत. हो, गेले काही दिवस ती माझ्याकडे होती. म्हणून कानटोपी, आणि म्हणूनच पोपट.

आता बापलेकांना जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसव. काकांची टोपी काढ, यंत्रं कानात घाल, आणि मग इथून पुढचं मोठ्याने वाच. कोणी मध्ये उठायला लागलं तर हात धरून खाली बसव.

काका, भुंग्या, तुम्ही दोघांनीही माझ्याकडून शब्द घेतलात, आणि मी दोघांचाही आता मोडतेय. रागवा माझ्यावर, मी लांब आहे.

भुंग्या, काकांनी टोपी घातली ती तुझं ऐकायला नको म्हणून नाही. तुझं ऐकता यावं म्हणून त्यांनी आपले कान पार्सलने माझ्याकडे पाठवले आणि आठवडाभर बहिरे होऊन बसले. लांब सूर त्यांच्या यंत्रात अडत होता. त्यात तुझ्या वाजवण्याचा दोष नाही आणि त्यांच्या कानांचाही नाही. आता तो अडणार नाही. ते गॅलरीत का जायचे, ते त्यांनाच विचार.

काका, तुम्हाला ऐकू येत नाही हे भुंग्याला कळलंय. तो वाजवायचा बंद झालेला नाही. तुम्हाला चार सूर तरी ऐकू यावेत म्हणून त्याने ज्यांच्यासाठी इतके दिवस जीव टाकला ती पेडल परत करून टाकली आहेत, आणि कार्यक्रमातलं सगळ्यात चांगलं गाणं तो मोडून वाजवणार आहे. म्हणजे तुमचे कान दुरुस्त होऊन आले तेव्हा ऐकायला काही उरणारच नव्हतं. मी गप्प बसले असते तर तुम्ही दोघं सभागृहात एकमेकांसाठी सगळ्याचं वाटोळं करून, हसत हसत घरी आला असतात.

एकमेकांचं मन राखणं पुरे झालं. पेडल परत आणा आणि नव्याने निवडा. या वेळी काका पाठमोरे बसतील. मावशी, ते मान वळवत नाहीत ना, इकडे तू लक्ष ठेव.

तुमची सगळ्यांची
ताई

ता. क. सभागृहात शिरल्यावर बटण एकदाच दाबायचं.


१२ ऑक्टोबर

ताई,

तू शब्द मोडलास त्याबद्दल तुझ्याशी जन्मभर भांडणार आहे, पण ते फोनवर. इथे फक्त झालेलं सांगतो.

आईने तुझं पत्र बातम्या वाचतात तसं वाचलं, एका सुरात, मध्ये न थांबता. अप्पा टेबलाकडे बघत होते, मी खिडकीकडे. मग मी विचारलं, अप्पा, गॅलरीत का जायचात? त्यांनी सांगितलं. तुला त्यांनी जे लिहिलं होतं तेच असणार. मी उठून पोपटाला दाणे घातले. परत आलो तर अप्पा म्हणाले, "त्या डब्या घेऊन ये आधी. दुकान बंद होईल."

दुकानदाराने काही न विचारता तिन्ही परत दिल्या. त्याच आठवड्यात अप्पांना आम्ही बेकरीच्या मैद्याच्या खोलीत नेलं, जिथे आमची तालीम चालते. ड्रमसह ऐकायचं असं तूच म्हणाली होतीस. अप्पा पोत्यावर पाठमोरे बसले, समोर आई, मान वळवू नये म्हणून पहाऱ्याला. आणि ताई, तो माणूस बदलला. इतके दिवस बरं बरं म्हणणाऱ्याने आमची पिसं काढली. पिवळी वाजवली तर म्हणाले, ड्रम सुरू झाला की तू कुठे जातोस? मी म्हटलं, इथेच आहे. म्हणाले, मग ऐकू का येत नाहीस? हिरवी वाजवली तर जरा थांबून म्हणाले, ही नाकात बोलते, पण बोललेलं कळतं. हीच घे, मात्र खरखर निम्मी कर. मग मला सोडून पाठमोऱ्यानेच बेकरीवाल्याला म्हणाले, तू सगळं एकाच जोरात बडवतोस, मध्येमध्ये दमत नाहीस का? त्याने आयुष्यात पहिल्यांदा काठ्या हळू धरल्या आणि आमचा गायक खुशीत आला.

निळा कॉम्प्रेसर लावून मी सूर धरला तेव्हा मात्र अप्पांची पाठ एकदम ताठ झाली. आईकडे बघितलं तर ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिने मला हाताने खूण केली, थांबू नकोस. मी थांबलो नाही. तर फळीवर शेवटी हिरवी आणि निळा, तू म्हणालीस त्याच क्रमाने, आणि पिवळी दुकानात परत गेली.

कार्यक्रम परवा झाला. सभागृह भरलं, निदान मागच्या दोन रांगा सोडून. अप्पा दुसऱ्या रांगेत, कडेला. मी स्टेजवरून पाहिलं, त्यांनी कानामागे हात नेला, बटण दाबलं, आणि आईला काहीतरी सांगितलं, ते माझ्यापर्यंत ऐकू आलं. ते म्हणाले, तू आता बोलू नकोस. मग आम्ही सुरू केलं. पहिल्या गाण्याला सारखं लक्ष अप्पांकडे जात होतं. नंतर विसरलो. शेवटच्या गाण्यात तो लांब सूर धरला तेव्हा डोळे उघडे ठेवायचं ठरवलं होतं, पण राहिले नाहीत. त्या वेळी अप्पा काय करत होते ते मला माहीत नाही. ही म्हणते, काही करत नव्हते, नुसते बसले होते.

संपल्यावर लोक भोवती जमले. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, अप्रतिम. ही म्हणाली, छान झालं. गायक, बेकरीवाला, माझ्या वर्कशॉपमधले दोघं, सगळे पाठ थोपटत होते. सगळ्यांना सगळंच आवडलं होतं. अप्पा लांब भिंतीला टेकून उभे होते, गर्दी ओसरायची वाट बघत. मग आले. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून ते जरा चढ्या आवाजातच बोलतात. सगळ्यांच्या मध्ये उभं राहून म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात मधेच तार जास्त ताणलीस. सूर वर गेला."

हिने माझ्याकडे पाहिलं, मला वाईट वाटलं असेल म्हणून. बेकरीवाला म्हणाला, छे हो, कुठे?

ताई, खरंच गेला होता. अगदी केसभर. बँडमधल्या कोणाला कळला नव्हता, लोकांना कळायचा प्रश्नच नव्हता. तो मला एकट्याला माहीत होता.

मला हसू येत होतं आणि दिसेनासंही झालं होतं. मी कसाबसा म्हणालो, अप्पा, परत एकदा सांगा.

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी आणखी मोठ्याने सांगितलं.

तुझा
भुंग्या